काजळाची रेघ
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



गेल्या महिन्यांत घरांतील एका लग्नासाठीं माझी भाची आमच्याकडे राहावयास आली होती. लग्नाच्या दिवशीं सकाळीं सर्व मंडळींची निघण्याची घाई चालली असतां ही मुलगी मात्र आरशापुढें खिन्न होऊन बसलेली मला दिसली. तिच्यापुढें प्रसाधनाच्या दुकानांतून आणलेला एक रंगीत तक्ता पडला होता. त्यांत डोळ्यांच्या सहा आकृति काढलेल्या होत्या : बदामी, गोल, खोल गेलेले, पापणीखालीं झांकलेले, एकमेकांजवळ असलेले, आणि बाहेरच्या कोपऱ्याशीं खालीं उतरलेले. प्रत्येक आकृतीखालीं काजळाची रेघ कोठून सुरू करावी, कोठें जाड करावी आणि कोठें वर वळवावी याची सूचना होती. "आत्या, माझे डोळे यांतल्या कोणत्याच चौकटींत बसत नाहींत गं," ती म्हणाली, आणि हें सांगतांना तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी तो तक्ता लक्षपूर्वक वाचला. बदामी डोळ्याखालीं एवढेंच लिहिलें होतें कीं, हवें तसें काजळ घाला. बाकीच्या पांचांना मात्र एकेक दोष सांगितला होता आणि त्या दोषावर उपाय दिला होता. आणि प्रत्येक उपायाचा शेवट एकच, तो डोळा बदामी दिसावा हा. म्हणजे एक निरोगी मनुष्य आणि पांच रोगी, अशी ती मांडणी होती. त्या वेळीं मी तिची कशीबशी समजूत घालून तिला उठविलें. परंतु डोळ्यांचा हा न्यायनिवाडा कोणी केला, केव्हां केला आणि काजळाच्या रेघेकडे हें काम कधींपासून आलें, हा प्रश्न माझ्या मनांतून जाईना. त्या प्रश्नाचा माग काढीत मी जेथवर गेलें, तो प्रवास आज आपणांस सांगावयाचा आहे.

काजळाचा सर्वांत जुना ठाव घ्यावयाचा तर नाईल नदीच्या काठीं गेलें पाहिजे. इजिप्तमध्यें राजघराणीं सुरू होण्यापूर्वींच तेथील लोक दगडाच्या सपाट पाट्यांवर डोळ्यांचा रंग वाटीत असत, आणि मनुष्य मेला म्हणजे त्याची पाटी त्याच्याबरोबर थडग्यांत ठेवीत असत. इसवी सनापूर्वीं सुमारें ३१०० या काळांतील नार्मर राजाची पाटी इतिहासांत प्रसिद्ध आहे. तिच्यावर राजाच्या पराक्रमाचीं चित्रें कोरलेलीं आहेत. परंतु तिच्या एका बाजूस दोन श्वापदांच्या लांबलचक माना एकमेकींत गुंतवून शिल्पकारानें जी वाटोळी खळगी केली आहे, ती डोळ्यांच्या रंगाची जागा होय. राज्याच्या वैभवाची खूण म्हणून त्या लोकांना जी वस्तु घ्यावीशी वाटली, ती रोजच्या काजळाची पाटी होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

त्यांचे रंग दोन. हिरवा रंग मॅलाकाइट नांवाच्या तांब्याच्या खनिजाचा, आणि काळा रंग गॅलिना म्हणजे शिशाच्या खनिजाचा. हिरवा सिनाईच्या डोंगरांतून येई, काळा तांबड्या समुद्राच्या काठच्या खाणींतून येई, आणि तो परक्या देशांतूनहि येत असे. बेनी हसन येथें खनुमहोतेप नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत भिंतीवर एक चित्र आहे. तें इसवी सनापूर्वींच्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचें. त्यांत पूर्वेकडील देशांतून आलेली स्त्रीपुरुषांची व मुलांची एक टोळी दाखविली असून, ही ३७ माणसें डोळ्यांचें काळें अंजन घेऊन आलीं आहेत असें वर लिहिलेलें आहे. हें अंजन राणी लावी तसें नांगर धरणारा शेतकरीहि लावी. स्त्री लावी तसा पुरुषहि लावी. वाळवंटांतील उन्हाची तिरीप, उडणारी धूळ आणि माशांनीं येणारी डोळ्यांची साथ यांपासून तें डोळा राखतें, अशी त्यांची श्रद्धा होती.

ती श्रद्धा अगदींच पोकळ नव्हती, असें अलीकडच्या शोधांवरून दिसतें. पॅरिसच्या ल्यूव्र संग्रहालयांतील इजिप्शियन डब्यांत उरलेल्या अंजनाचें पृथक्करण १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत शिशाचे दोन क्षार असे आढळले कीं, जे निसर्गांत क्वचितच मिळतात. ते त्या लोकांनीं शिशाची भस्में मिठाच्या पाण्यांत दिवसेंदिवस मुरवून हेतुपूर्वक तयार केले असले पाहिजेत. पुढें २०१० मध्यें फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, या क्षारांचा अत्यंत सूक्ष्म अंश त्वचेच्या पेशींस लागला असतां रोगजंतूंशीं झगडण्याची शरीराची तयारी वाढते. परंतु याची दुसरी बाजूहि आहे. ती मी पुढें सांगणार आहें.

या काळ्या पुडीला अरबी भाषेंत 'कुहल' म्हणतात. अत्यंत बारीक वाटलेली कोणतीहि पूड, मग कोणत्याहि पदार्थाचा काढलेला अर्क, आणि शेवटीं मद्याचा अर्क, असा त्या शब्दाचा अर्थ युरोपांत सरकत गेला आणि 'अल्-कुहल' याचें 'अल्कोहोल' झालें. आईच्या काजळाच्या डबीचें आणि मद्याच्या बाटलीचें नांव एकाच मुळापासून निघालें, हा भाषेचा मोठाच विनोद म्हटला पाहिजे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मोहेंजोदडो येथील उत्खननांत तांब्याच्या बारीक, टोंकाशीं गोलसर केलेल्या काड्या निघाल्या आहेत. त्या अंजनाच्या शलाका असाव्या असें संशोधक मानतात. पुढें आपल्या वैद्यकानें तर अंजनाला मानाचें पान दिलें. चरकानें दिनचर्या सांगतांना सौवीरांजन हें डोळ्यांस नित्य हितकर म्हटलें आहे, आणि डोळ्यांतील पाणी वाहून जाण्यासाठीं पांच किंवा आठ रात्रींनीं रसांजन घालण्यास सांगितलें आहे. सुश्रुतानें अंजनाचे लेखन, रोपण आणि प्रसादन असे तीन प्रकार केले. पहिलें दोष खरवडून काढणारें, दुसरें जखम भरून आणणारें, तिसरें दृष्टि निवळ करणारें. गोळी, रस आणि चूर्ण अशीं त्याचीं तीन रूपें. शलाका आठ अंगुळें लांब असावी, तिचीं टोंकें कळीसारखीं असावीं, इतका बारकावा त्यानें दिला आहे. या शलाकेवरूनच नेत्रादि अवयवांच्या चिकित्सेस शालाक्यतंत्र हें नांव पडलें. थकलेल्यानें, रडलेल्यानें व ज्वर आलेल्यानें अंजन घालूं नये असाहि त्याचा निर्बंध आहे. या सर्व विवेचनांत अमक्या आकाराचा डोळा चांगला आणि तमक्या आकाराचा वाईट, म्हणून अमकी रेघ ओढावी, असा विषय नाहीं. वैद्याला चिंता होती ती दृष्टीची.

कवीची चिंता निराळी. 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गांत कालिदासानें पार्वतीच्या लग्नाच्या शृंगाराचें वर्णन केलें आहे. तिला नटविणाऱ्या स्त्रिया तिच्या कमळाच्या पाकळीसारख्या डोळ्यांकडे पाहतात आणि काजळ हातांत घेतात. परंतु कवि तेथें मुद्दाम बजावतो कीं, या काजळानें तिच्या डोळ्यांची शोभा वाढेल अशा बुद्धीनें त्यांनीं तें घेतलें नाहीं, तर तें मंगल आहे म्हणून घेतलें. 'रघुवंशा'च्याहि सातव्याच सर्गांत विदर्भाच्या राजधानींतून अज आणि इंदुमती यांची मिरवणूक निघते, तेव्हां नगरांतील एक स्त्री उजव्या डोळ्यांत अंजन घालून होतांच, डावा तसाच ठेवून, शलाका हातांत घेऊन खिडकीकडे धांवते. तिच्या त्या विषम डोळ्यांत कवीला दोष दिसला नाहीं, उत्सुकता दिसली. आणि 'मेघदूतां'तील विरहिणीच्या डोळ्यांत काजळ नाहीं, ही गोष्ट तिच्या दुःखाची खूण म्हणून येते. काजळ असणें आणि नसणें ही कवीच्या मतें मनाची भाषा होती.

परंतु माझ्या भाचीच्या तक्त्याला खरें उत्तर मला सांपडलें तें चित्रकारांच्या शास्त्रांत. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत 'चित्रसूत्र' नांवाचा भाग आहे. स्टेला क्रामरिश या विदुषीनें त्याचें इंग्रजी भाषांतर केल्यापासून त्याकडे जगाचें लक्ष वेधलें. त्यांतहि डोळ्यांच्या आकृतींचा एक तक्ता आहे, आणि तो पांच प्रकारांचा! धनुष्यासारखा चापाकार, मत्स्याच्या पोटासारखा मत्स्योदर, निळ्या कमळाच्या पाकळीसारखा उत्पलपत्र, कमळाच्या पाकळीसारखा पद्मपत्र, आणि पांचवा या सर्वांहून मोठा. त्यांचीं मापें यवांत, म्हणजे जवाच्या दाण्यांत, दिलेलीं आहेत : अनुक्रमें तीन, चार, सहा, नऊ आणि दहा यव.

येथवर हा तक्ता आणि दुकानांतला तक्ता सारखाच वाटेल. परंतु पुढें शास्त्रकार जें सांगतो त्यानें सगळा अर्थ पालटतो. चापाकार डोळा कोणाचा? तर ध्यानांत भूमीकडे दृष्टि लावलेल्याचा. मत्स्योदर हा स्त्रियांचा व प्रेमिकांचा. उत्पलपत्र हा शांत, निर्विकार मनुष्याचा. पद्मपत्र हा भ्यालेल्याचा आणि रडणाऱ्याचा. आणि पांचवा, अगदीं विस्फारलेला, हा क्रोधानें किंवा वेदनेनें व्याकुळ झालेल्याचा. म्हणजे हे आकार जन्मतः मिळालेल्या पापण्यांपुरतेच नाहींत. मनाच्या अवस्थेबरोबर ते पालटतात. तोच मनुष्य ध्यानांत तीन यवांचा डोळा घेऊन बसेल आणि संतापला म्हणजे दहा यवांचा होईल. यांतला कोणताहि आकार दोष नव्हे, आणि कोणावरहि उपाय सांगितलेला नाहीं.

ज्यांना हें शास्त्र डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं अजिंठ्यास जावें. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या खालीं झुकलेल्या पापणीची ती एक रेघ पाहावी. सोळाव्या लेण्यांत, पति भिक्षु झाल्याची वार्ता ऐकून कोसळणारी जी सुंदरी आहे, तिच्या मिटत चाललेल्या डोळ्यांची रेघ पाहावी. चित्रकाराची एक रेघ खालीं उतरली आहे, आणि सबंध भिंतीवर शोक पसरला आहे. कोपऱ्याशीं खालीं उतरलेला डोळा म्हणून दुकानाच्या तक्त्यानें जो रोगी ठरविला, तो हाच. त्याला वर ओढून बदामी केला असता, तर त्या भिंतीवरची करुणा कोठें राहिली असती?

नाट्यशास्त्रानें हीच गोष्ट जिवंत नटाकडून करून घेतली. भरतानें दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले : आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. तेलाच्या दिव्याच्या उजेडांत दूर बसलेल्या प्रेक्षकाला हे प्रकार दिसावे कसे? म्हणून नट डोळ्यांभोंवतीं ठळक रेघ ओढतो. केरळांतील कथकळीचा नट तर डोळ्यांत एका वनस्पतीच्या फुलांतील बारीक बीं घालून बुबुळाभोंवतींचा पांढरा भाग लाल करून घेतो, तेणेंकरून काळ्या रेघेच्या आंत डोळा पेटल्यासारखा दिसतो. रेघेचें काम येथें डोळ्याची हालचाल दूरवर पोंचविणें हें आहे. आपल्याकडे पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतहि डोळ्यांची आखणी हें काम नवशिक्याच्या हातीं देत नाहींत. सर्व अंग रंगून झालें तरी आखणी होईपर्यंत ती माती असते. आखणी झाली कीं ती आपल्याकडे पाहूं लागते.

आणि आपल्या घरांतलें काजळ? माझी आजी रात्रीं पणतींत एरंडेल तेल घालून वात लावीत असे. दोन वाट्यांवर तांब्याची ताटली उपडी ठेवून ती पणतीवर धरली जाई. सकाळीं ताटलीला धरलेली काजळी खरवडून, ती तुपांत किंवा लोण्यांत खलून, किंचित कापूर घालून डबींत भरली कीं घरांतील सर्वांची महिन्याची बेगमी होई. त्याच डबींतून बाळाच्या गालावर तीट लागे, कारण फार सुंदर दिसणाऱ्याला दृष्ट लागते. येथें तर काजळाचें काम सौंदर्य पूर्ण करणें हें नसून तें मुद्दाम अपुरें ठेवणें हें होतें! भाषेंतहि पाहा, आपण डोळ्यांत अंजन घालणें म्हणतों तें खरें काय तें दाखविण्याला. १२९० मध्यें 'ज्ञानेश्वरी'च्या पहिल्याच अध्यायांत ज्ञानदेवांनीं गुरुकृपेला अंजनाची उपमा दिली, ती अशासाठीं कीं, तें डोळ्यांत पडलें म्हणजे लपलेला मोठा ठेवा दिसूं लागतो.

मग डोळ्याची दुरुस्ती हें काम रेघेकडे आलें केव्हां? सुंदर डोळ्याच्या आवडीनिवडी पूर्वीं नव्हत्या असें मी म्हणत नाहीं. कवींना हरिणीचे डोळे नेहमींच आवडले. परंतु प्रत्येक चेहरा मोजून त्याला एका सांच्याजवळ आणण्याचा उद्योग अर्वाचीन आहे, आणि त्याची जन्मभूमि चित्रपटगृह ही होय. आरंभींच्या चित्रपटाच्या फितीला तांबडा रंग दिसत नसे आणि निळा रंग पांढरा दिसे. त्यामुळें निळ्या डोळ्यांच्या नटी पडद्यावर अंधळ्यासारख्या दिसत, आणि डोळ्यांभोंवतीं गडद काळें लेपण करणें भाग पडे. शिवाय चित्रपट मुका होता. जें सांगावयाचें तें डोळ्यांनींच सांगावें लागे. आपल्याकडे १९१३ मध्यें दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला तो याच काळांत. त्यांत तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुष नटानें केलें होतें. १९१५ मध्यें अमेरिकेंत शिकागो येथें टी. एल्. विल्यम्स यांनीं पापण्यांच्या केंसांना लावण्याच्या रंगाची 'मेबेलिन' ही कंपनी काढली. १९१२ मध्यें इजिप्तमध्यें नेफर्तिती राणीचा रंगीत अर्धपुतळा सांपडला, १९२२ मध्यें तुतनखामेनची कबर उघडली, आणि हजारों वर्षांपूर्वींची नाईलकांठची लांब रेघ पाश्चात्य शहरांत नव्यानें मिरवूं लागली.

यानंतरची पायरी १९३२ ची. हॉलिवुडचे प्रसाधनकार मॅक्स फॅक्टर यांनीं एक यंत्र काढलें. धातूच्या पट्ट्यांचा तो सांपळा डोक्याभोंवतीं व चेहऱ्याभोंवतीं बसवीत आणि स्क्रू फिरवून नाक, डोळे, कपाळ यांचीं मापें घेत. साध्या नजरेला न दिसणारा, परंतु पडद्यावर कितीतरी पटींनीं मोठा होणारा फरक शोधून तो रंगानें झांकावा हा त्याचा उद्देश. नटीपुरतें तें समजण्यासारखें होतें, कारण तिचा डोळा हातभर लांबीचा होऊन पडद्यावर येणार होता. परंतु यंत्राची ती दृष्टि मासिकांतून आणि दुकानांतून घराघरांतील आरशापाशीं येऊन बसली. जिचा चेहरा कोणीहि हातभर मोठा करून पाहणार नव्हता, ती मुलगीहि त्याच मापानें स्वतःला पाहूं लागली.

तो तक्ता सर्वस्वीं खोटा आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. काळी रेघ उजेड गिळते आणि शेजारचा भाग उजळ दाखविते, हा त्याचा पाया खरा आहे. वरच्या पापणीच्या मध्यावर रेघ जाड केली तर डोळा गोल भासतो. बाहेरच्या कोपऱ्यापलीकडे नेली तर लांबट भासतो. जवळ असलेल्या डोळ्यांना नाकाकडची बाजू मोकळी ठेवली तर अंतर वाढल्यासारखें वाटतें. बारीक डोळ्यांच्या आंतल्या कडेला सर्व बाजूंनीं काजळ भरलें तर ते अधिकच बारीक दिसतात. ही कला आहे, आणि हौसेनें करावयास हरकत नाहीं. माझी हरकत आहे ती 'दोष' या एका शब्दाला.

आणखी एक हरकत आरोग्याची. वर सांगितलेल्या शिशाच्या खनिजाचा सुरमा अजूनहि कोठें कोठें विकला जातो. शिशाचा अंश शरीरांत सांठत जातो, लहान मुलांच्या मेंदूस तो कायमचा अपाय करतो, आणि त्याचें निर्धोक असें प्रमाण मुलांच्या बाबतींत ठाऊक नाहीं. दिव्याच्या काजळींत शिसें नसलें तरी मळलेल्या बोटानें ती तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालणें धोक्याचेंच. म्हणून आजचे वैद्य बाळाच्या डोळ्यांत कांहींहि घालूं नका असें सांगतात. तीट हवी तर तळपायाला लावावी. दृष्ट लागणार असेल तर ती तेथूनहि टळेल.

आतां माझ्या भाचीची गोष्ट पुरी करतें. त्या दिवशीं तिनें तक्ता बाजूला ठेवला आणि आजीच्या जुन्या डबींतून नव्हे, पण स्वतःच्या कांडीनें एक साधी रेघ ओढली. अंतरपाट धरला होता तेव्हां मीं पाहिलें, ती खालीं मान घालून मंगलाष्टकें ऐकत होती. तिची पापणी धनुष्यासारखी झुकली होती. जेवणाच्या पंगतींत मैत्रिणींच्या थट्टेनें ते डोळे मासोळीसारखे चमकत होते. संध्याकाळीं बहिणीची पाठवणी झाली तेव्हां तेच डोळे पाण्यानें भरून पाकळीएवढे मोठे झाले, आणि सकाळची रेघ गालावर उतरली. एका दिवसांत ती मुलगी चित्रसूत्राच्या तीन चौकटींतून फिरून आली होती. रात्रीं तिला जवळ घेऊन मी तें सांगितलें, तेव्हां ती हंसली, आणि म्हणाली, "मग आत्या, चौथी आणि पांचवी राहिलीच कीं!"